बोंबलाच्या डब्यातला भुंगा

संपादक महोदय,

आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, भरलेला सुक्या बोंबलाचा डबा परवा उघडला तर तळाशी भुसा, केसाळ तपकिरी अळ्या आणि त्यांनी टाकलेल्या काती. शेजारच्या वहिनी म्हणाल्या स्प्रे मारा, अहो पण खायच्या वस्तूवर स्प्रे कसा मारायचा! ह्या अळ्या डर्मेस्टिड नावाच्या भुंग्यांच्या, ते कातडं, लोकर, रेशीम, सुकी मासळी काहीच सोडत नाहीत, गव्हातला खापरा किडा पण ह्यांच्याच खानदानातला. पण हेच किडे रानात मेलेलं जनावर वाळलं की माश्यांच्या अळ्यांनी मागे सोडलेलं सुकं मांस, कातडं साफ करतात आणि परदेशातल्या कितीतरी म्युझियममध्ये तर ते मुद्दाम पाळतात, कारण वटवाघळाची काडीएवढी हाडंसुद्धा न मोडता लख्ख करून देतात. फॉरेन्सिकवाल्यांनाही मृत्यूला किती दिवस झाले ह्याचा अंदाज बांधायला त्यांची मदत होते.

म्हणून सरसकट विष नको, मासळी कडक सुकवा, डबा हवाबंद ठेवा. आणि जवळा जमिनीवर पसरून सुकवणाऱ्या आमच्या कोळी भगिनींना शासनाने जाळीचे उंच रॅक द्यावेत, माल किडला की सगळ्यात जास्त नुकसान त्यांचंच होतं.

– एक वाचक, रत्नागिरी