सेटिंग डोक्यात नको, फाइलीत पाहिजे

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

मी दारव्हा तालुक्यातला, एका जिनिंगच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सांभाळतो. मागच्या दिवाळीनंतर कापसाची आवक जोरात असताना व्होल्टेज वरखाली झालं आणि आमचा सर्व्हर जळाला. डेटाचा बॅकअप होता, सॉफ्टवेअर डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या सामानासकट बांधलेल्या डब्यात होतं, त्याची तयार प्रत (इमेज) उतरवली की दुसऱ्या मशीनवर जसंच्या तसं चालतं म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पण कंटेनर सुरू करताना जी सेटिंग द्यावी लागते, डेटाबेसचा पत्ता, काटा ज्याला जोडला तो पोर्ट, प्रिंटर, ती ज्या पोराने हाताने टाइप केली होती तो पुण्याला नोकरीवर गेला आणि कुठं लिहूनच ठेवलेलं नव्हतं. त्याला फोनवर विचारत विचारत दुसऱ्या दिवशी दुपारी काटा सुरू झाला, तोवर गाड्यांची रांग पार रोडपर्यंत.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला एक काका कापूस घेऊन आले, पावतीवर तारीख आदल्या दिवसाची, वेळ रात्री साडेअकरा. "भाऊ, मी त आज आलो, हे कालचं कायले?" कंटेनरला वेगळं सांगितलं नाही तर त्याचं घड्याळ युटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. टाइमझोन एशिया/कोलकाता, एवढी एक ओळ राहून गेली होती. आमच्याकडे भाव तारखेवरून लागतो, म्हणजे त्या माणसाला कालचा भाव लागला.

शेताचा व्यवहार आपण तोंडी मानत नाही. सातबारा लागतो, बदल झाला तर पटवाऱ्याकडे फेरफार लागतो. सर्व्हरलाही तेच पाहिजे. सगळी सेटिंग साध्या टेक्स्ट फाइलीत आणि ती फाइल गिटमध्ये, म्हणजे फाइलीतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, मग कोणी कधी काय बदललं ते आपोआप राहतं. अशी फाइल वाचून काम करणारी टूल्स आहेत: मशीन अन् नेटवर्क उभं करायला टेराफॉर्म, किंवा २०२३ मध्ये त्याचं लायसन्स बदलल्यावर त्यातून निघालेलं ओपनटोफू, आणि मशीनच्या आतलं बसवायला अ‍ॅन्सिबल. एकाच मशीनवर काम असेल तर कुबरनेटीजच्या (बऱ्याच मशीनवरचे कंटेनर सांभाळणारं सॉफ्टवेअर) मागं लागू नका, कंटेनर कसे सुरू करायचे ते लिहिलेली डॉकरची कंपोज फाइल पुरते. फक्त पासवर्ड गिटमध्ये टाकू नका! कुबरनेटीजच्या सीक्रेटमध्ये, म्हणजे पासवर्ड ठेवायच्या जागेतसुद्धा तो बेस६४ मध्ये, म्हणजे नुसता वेगळ्या अक्षरांत लिहिलेला असतो, ते कुलूप नाही, कोणीही उलटं करून वाचू शकतो.

बाजार समित्या, पतसंस्था, जिनिंगवाले, सगळ्यांना हात जोडून सांगणं आहे, सॉफ्टवेअर घेताना ही फाइल मागा, करारात लिहून घ्या, आणि शेवटचं बिल द्यायच्या आधी कोऱ्या मशीनवर तिच्यावरून सगळं उभं करून दाखवायला लावा. आम्ही या पावसाळ्यात एका जुन्या लॅपटॉपवर करून पाहिलं, पंचवीस मिनिटांत पावती निघाली, तारीख-वेळ बरोबर.

आपला,
एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ