हातपाय थांबले, फिट थांबली का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऐन गळीत हंगामात माझ्या पुतण्याला पहाटे फिट आली. आमचं गाव गगनबावड्याकडं. घरच्यांनी आधी कांदा हुंगवला, मग पायताण. त्यात वीस मिनिटं गेली. पुढं उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून कोल्हापूरच्या फुलेवाडीपर्यंत यायला दीड तास. पाच मिनिटांत न थांबलेली फिट आपसूक थांबेल म्हणून वाट बघायची नसते, हे आम्हाला नंतर कळलं.

शहरातल्या एका दवाखान्यात भूल देऊन व्हेंटिलेटर लावला. हातपाय शांत झाले. ‘झोपलाय आता’ म्हणत आम्ही चहाला खाली उतरलो. वहिनी तेवढ्या काचेपाशी उभ्या राहिल्या. त्याची डावी पापणी फडफडत होती, शिलाई मशीनच्या सुईसारखी बारीक आणि एकसारखी. त्यांनी दोनदा सांगितलं. पण वार शनिवार, ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढणारा माणूस सोमवारी येणार होता. सोमवारी आलेख काढला तेव्हा मेंदूत फिट चालूच होती.

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. फिटेत मेंदूच्या पेशी इतकी साखर जाळतात की रक्तातली साखर नीट असूनही मेंदूला ती अपुरी पडू शकते. परदेशात काही मोजक्या ठिकाणी कवटीला छिद्र पाडून मिलिमीटरपेक्षाही बारीक नळी मेंदूत ठेवतात. तिच्यातून मिनिटाला 0.3 मायक्रोलिटर द्रव फिरवतात आणि त्यात मेंदूतून उतरलेली रसायनं साधारण तासाला एका कुपीत तपासतात: ग्लुकोज म्हणजे साखर, ती जाळताना तयार होणारे लॅक्टेट आणि पायरुवेट, आणि मेंदूपेशींचं संदेश नेणारं रसायन ग्लुटामेट. लॅक्टेट पायरुवेटच्या 40 पटींवर गेलं की पेशी अडचणीत आल्याचं धरतात. मायक्रोडायलिसिस म्हणतात याला.

ऐकून मीही हरखलो. पण ही नळी मुख्यतः डोक्याला जबर मार लागलेल्या किंवा मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णांसाठी वापरतात, आणि तिला कळतं ते फक्त आजूबाजूच्या काही मिलिमीटरचं. पंचगंगेचं पाणी एका घाटावर तपासून सगळ्या नदीची खबर मिळत नाही, तसंच हे. शिवाय कवटीला छिद्र म्हणजे रक्तस्रावाचा आणि जंतुसंसर्गाचा धोका आलाच.

तेव्हा ती नळी कोल्हापुरात आणा, असं माझं म्हणणं नाही. डोक्याला नुसत्या तारा चिकटवून निघणारा ईईजी तरी शनिवारी रात्री मिळावा. अतिदक्षता विभाग चोवीस तास चालवायचा आणि ईईजी कचेरीच्या वेळेत, हा कुठला हिशेब? आलेख वाचायला तज्ज्ञ इथंच हवा असंही नाही, पुण्या-मुंबईचा डॉक्टर तो ऑनलाइन बघू शकतो. तारा लावणारा माणूस मात्र इथंच लागतो. जिल्ह्यातल्या सरकारी आणि खाजगी अतिदक्षता विभागांपैकी किती ठिकाणी तो रात्री असतो, एवढं आरोग्य खात्यानं जाहीर करावं.

पुतण्या आता घरी आहे, गोळ्या चालू आहेत. परवा दवाखान्याचं बिल पुन्हा काढून बघितलं. ईईजीची रक्कम व्हेंटिलेटरच्या एका दिवसाच्या भाड्यापेक्षा कमी होती.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर