भीती मोजायची तर अशी मोज

प्रिय सुहास,

तुझं पत्र पोचलं. ज्येष्ठ नागरिक संघात कॉम्प्युटरचा वर्ग काढतोयस हे वाचून बरं वाटलं. त्याआधी लोकांची कॉम्प्युटरची भीती मोजावी हे तुला सुचलं, याचं जास्त कौतुक.

त्यासाठी तयार प्रश्नावली आहे. हाइन्सन, ग्लास आणि नाइट या संशोधकांची, १९८७ ची. १९ विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे बेरीज १९ ते ९५. काही विधानं कॉम्प्युटर आवडतो अशा अर्थाची आहेत, त्यांचे गुण उलटे करून (५ चा १, ४ चा २) मिळवायचे, नाहीतर सगळा हिशेब फसतो. एक विधान असं की, चुकीची कळ दाबली तर पुष्कळ माहिती पुसली जाईल याची धास्ती वाटते. शेजारच्या काकूंना ते वाचून दाखवलं. पेन तसंच धरून त्या म्हणाल्या, "माहितीचं जाऊ दे रे, खात्यातले पैसे गेले तर?" ही भीती त्या जुन्या प्रश्नावलीत कुठून असणार? तू ती जरूर विचार, फक्त मूळ बेरजेत मिसळू नकोस.

आता वयोगटांचं. साठीपुढचे घाबरतात आणि पोरं घाबरत नाहीत, एवढंच काढायचं असेल तर कागद वाया घालवू नकोस. सारा चाया आणि शारिट या संशोधकांनी १९९८ साली २० ते ७५ वयाच्या ३८४ जणांचा अभ्यास छापला. तीन दिवस कॉम्प्युटरवर काम केल्यावर सगळ्याच वयांत कॉम्प्युटरबद्दलचं मत सुधारलं होतं. पुढे २००६ मध्ये चाया आणि सहकाऱ्यांनी १८ ते ९१ वयाचे १,२०४ जण तपासले. वयाबरोबर वापर कमी होतो खरा, पण त्यात भीतीचा आणि 'मला जमेल' या भरवशाचा मोठा हात असतो. म्हणून वयाच्या रकान्याशेजारी 'आधी कधी कॉम्प्युटरवर काम केलंय का?' हा रकाना हवाच. बँकेतून निवृत्त झालेले अडुसष्टीचे गृहस्थ आणि कधी माऊसला हात न लावलेली पन्नाशीची बाई, यांच्यात घाबरेल ती बाईच.

आणि हे सगळं कागदावरच घे. मोबाइलवर फॉर्म पाठवलास तर जे खरे घाबरतात तेच गळतील, किंवा नातू भरून देईल. वर्ग संपल्यावर त्याच माणसांकडून तीच प्रश्नावली पुन्हा भरून घे.

कच्चा मसुदा झाला की पाठव, विधानांचं मराठी मी बघून देतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश