चाळीस अंशांपुढे मांजर न दिसणाऱ्या यंत्राचे पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा
(पावतीवर नाव नाही, नुसतं ‘टीम’ लिहिलंय. त्यामुळे टीममधल्या ज्याला मराठी वाचता येतं त्याने वाचावं आणि वरच्यांना सांगावं.)

विषय : सौरऊर्जेवरचं मांजर-प्रतिबंधक यंत्र, किंमत २,८९९ रुपये. पैसे परत करून यंत्र घेऊन जाणे.

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनवर झालं ते माझं शेवटचं बोलणं. यापुढे जे काय असेल ते लेखी. तुमच्याकडे बोललेलं कुठे नोंदवतच नाहीत. दर वेळी नवा मुलगा फोन उचलतो आणि मी पुन्हा ‘अंगणात मांजरं घाण करतात’ इथपासून सुरू करते.

यंत्र तुमचंच आहे, तेव्हा ते कसं चालतं हे तुम्हाला समजावत नाही. होळीच्या सुमारास मागवलं. सुरुवातीला मांजरं समोर हालचाल झाली की होणाऱ्या दिव्याच्या लखलखाटाला आणि त्या तीक्ष्ण आवाजाला दचकली. मला वाटलं, चला, सुटलो. मग एप्रिल तापत गेला तशी एकेक परत आली, आणि आता नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, तर सगळी मंडळी हजर आहेत.

परवा संध्याकाळी साडेसातच्या सुमारास मी पायरीवर बसून पाहिलं. पिवळा बोका कंपाउंडवरून उतरला. यंत्राच्या समोरून, हातभर अंतरावरून गेला. कोथिंबिरीच्या वाफ्यात पुढच्या पायांनी नीट खड्डा केला, बसला, उरकलं, माती ओढली, वास घेऊन खात्री केली. जाताना तुमच्या यंत्राच्या दांड्याला अंग घासून गेला. दिवा लागला नाही. मी उठून सेन्सरसमोर हात हलवला, तरी नाही. पहाटे मात्र पेपर टाकणाऱ्या पोराला हेच यंत्र बरोबर पकडतं. तो बिचारा आता पेपर गेटबाहेरूनच फेकतो.

मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आहे. त्यामुळे कारण शोधायला फार वेळ लागला नाही. तुमचा सेन्सर उष्णता ओळखतो. मागची भिंत, जमीन, झाडं एका तापमानाची आणि समोरून हलणारा प्राणी त्याहून गरम, हा फरक त्याला दिसतो. मांजराच्या अंगाचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी पारा ४५ ला टेकतो आणि रात्री आठ वाजताही भिंतीला हात लावून बघा, झटकन मागे येतो. गरम भिंतीपुढे गरम मांजर. फरकच उरला नाही तर सेन्सर बघणार काय? नववीतल्या पोराला सांगितलं तर दोन मिनिटांत कळेल. तुमच्या इंजिनिअरांना कळलं नसेल असं मी अजिबात मानत नाही. कळलेलं आहे. मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर, भिंग लावून वाचावं लागेल अशा अक्षरांत लिहिलंय : ‘वापराचं तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस’. आणि खोक्यावर वीतभर अक्षरांत ‘हर मौसम में कारगर’. यातला कोणता ‘मौसम’ आमच्याकडचा, तेवढं कळवा. ऑर्डर घेताना पिनकोड विचारला होता. ४४० ने सुरू होणारा पिनकोड बघूनही तुमच्या कॉम्प्युटरला काही वाटलं नाही?

आता फोनबद्दल. हे सविस्तर लिहिते, कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग असतं असं ती बाई दर वेळी सांगते, तेव्हा पडताळून पाहा.

मुलगा म्हणाला, “मॅडम, आपकी बिल्ली की उम्र कितनी है?” मी म्हटलं, मांजर माझं नाही. म्हणाला, “ठीक है मॅडम, लेकिन आपकी बिल्ली कितने टाइम से आ रही है?” मी पुन्हा सांगितलं, बाळा, मांजर माझं नाही, गल्लीतली आहेत, तीन-चार आहेत, माझं असतं तर मी तुमचं यंत्र कशाला घेतलं असतं? त्याने कुठेतरी टाइप केलं. टाइप करताना आवाज येत होता. मग म्हणाला, “मॅडम, हो सकता है आपकी बिल्ली बहरी हो.”

मी काही बोललेच नाही. त्याला वाटलं फोन कटला. “हॅलो? हॅलो मॅडम? बहरी बिल्लियों पे हमारी वॉरंटी नहीं है.”

आता ऐका. पांढऱ्या अंगाच्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत जन्मापासून बहिरेपण बऱ्याचदा आढळतं, हे खरं आहे. आमच्याकडे येणारा बोका पिवळा आहे, बाकीची काळी-करडी. आणि गल्लीच्या तोंडाशी मच्छीवाल्याने हाक दिली की पाच घरं ओलांडून पहिला तोच पोचतो. बहिरा म्हणे! चारही मांजरं एकदम बहिरी निघाली असतील तर तो शोध तुम्ही जाहीर करा, नागपूरचं नाव होईल.

त्यावर कहर म्हणजे त्याने शेवटी उपाय सांगितला : “मॅडम, संतरे के छिलके डालिए, बिल्ली को संतरे की स्मेल पसंद नहीं.” नागपूरच्या बाईला संत्र्याच्या सालींचा सल्ला! तोही मे महिन्यात. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चपासून. आता झाडावर पिकलेली संत्री कुठून आणू? आणि सालींनीच काम होणार होतं तर २,८९९ रुपये कशाचे घेतलेत? साली मी हिवाळ्यात टाकल्याच होत्या. वास असेपर्यंत मांजरं लांब राहतात, वाळल्या की त्याच्यावरच बसतात.

संयमाने लिहायचं ठरवलं होतं. पण ‘आपकी बिल्ली’ डोक्यातून जात नाही.

त्याच्या आधीच्या मुलाने दुसरा उपाय दिला होता, मागची चकती फिरवून आवाज खालच्या पट्टीवर आणायचा. केलं. मला काही ऐकू आलं नाही, माझ्या वयाला इतके तीक्ष्ण आवाज ऐकूच येत नाहीत. पण नातू अंगणात गेला आणि कान दाबून आत पळाला. “आजी, ते किंचाळतंय!” लहान मुलांना जवळजवळ २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि तुमच्या खोक्यावर खालची पट्टी १३ हजारांपासून सुरू होते. समोरच्यांचा कुत्राही दुपारभर भुंकला. म्हणजे तुमच्या यंत्राने नातवाला पळवलं, कुत्र्याला पळवलं, पेपरवाल्याला पळवलं. मांजर तेवढं राहिलं.

हे सगळं चेष्टेचं वाटत असेल तर ऐका. माझी सून पाचव्या महिन्यात आहे. मांजरांच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मातीत जातो, दोन-चार दिवसांत संसर्गाला तयार होतो आणि ओलसर मातीत महिनोन्‌महिने टिकतो. गरोदर बाईला त्याची पहिल्यांदाच लागण झाली तर पोटातल्या बाळापर्यंत जाऊ शकतो. डॉक्टरांनी तिला वाफ्यांना हात लावायचं बंद केलंय. ती हौसेने पुदिना लावायची, आता खिडकीतून बघते. मी हातमोजे घालून रोज सकाळी खुरप्याने घाण काढते, कोथिंबीर उपटून फेकते. चवळीला अजून शेंगा आहेत, पण त्या खायची कोणाची इच्छा होत नाही.

शेजारचे काका पहिल्या दिवशीच म्हणाले होते, “काहून वो मॅडम, इतके पैसे घातले? एक दिवस विष टाका, काम तमाम.” मी त्यांना तिथल्या तिथे गप्प केलं. मुक्या जिवाला मारायचं नाही, आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हाही आहे. इजा न करता मांजर दूर ठेवायचं, या एका गोष्टीसाठी मी तुमच्याकडे आले. नाहीतर या आठवड्यात हार्डवेअरवाल्याकडून कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणून मातीवर अंथरली, तसं आधीच केलं असतं. मांजरांना खणायला भुसभुशीत माती लागते, पंजा तारेत अडकला की ती दुसरीकडे जातात. अर्ध्या वाफ्यांवर जाळी आहे. तिथे घाण नाही. उरलेल्या अर्ध्यावर तुमचं यंत्र पहारा देतंय.

तुमच्या कंपनीचं मच्छर मारायचं यंत्र आमच्याकडे बऱ्याच वर्षांपासून आहे. चांगलं चालतं, म्हणूनच हे घेतलं. त्या नावावर विश्वास ठेवला याचंच जास्त वाईट वाटतं.

‘रिटर्न की अवधि समाप्त’ हे उत्तर मला नको. दहा दिवसांची मुदत मार्चमध्ये संपली आणि तुमचा दोष उघडा पडतो एप्रिल-मेमध्ये. उन्हाळा काही तुमच्या मुदतीत बसत नाही.

पंधरा दिवसांत पूर्ण पैसे खात्यात जमा करा आणि खोक्यावरचं ते ‘हर मौसम’ काढा. नाही झालं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून थेट नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते. तुमचं मुख्य कार्यालय कुठेही असो, यावं तुम्हाला लागेल. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही आणि मला निवृत्तीनंतर वेळच वेळ आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं. २,८९९ च्या शेजारी तो आकडा एकदा लिहून पाहा.

यंत्र मी पॅक करून कुरिअरला देणार नाही, तुमच्या माणसाने येऊन न्यावं. सोबत तापमानासकट काढलेले फोटो आणि मॅन्युअलचं शेवटचं पान जोडलं आहे. उत्तर लेखी पाठवा. फोन करायचाच असेल तर आधी त्या मुलाला सांगून ठेवा, मांजर माझं नाही.

आपली ग्राहक
नागपूर
(ऑर्डर क्रमांक जोडलेल्या पावतीवर)