चिमणी घ्यायच्या आधी हे वाच

चि. ओम, अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास ना की आई सेल चालूय, १५०० सक्शनवाली चिमणी घेऊन टाकतो, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. घेऊ नको अजून. आज सकाळी मी आणि बाबा टेप घेऊन पाथर्डी फाट्याला तुझ्या फ्लॅटवर जाऊन आलो, आणि मला वाटतं आपण चुकीच्या गोष्टीवर बोलत होतो, चिमणी कुठली हा प्रश्न नंतरचा आहे, शेगडी कुठे हा आधीचा.

मॉड्युलरवाल्याच्या ड्रॉइंगमध्ये शेगडी हॉलच्या बाजूच्या भिंतीला आहे. दिसायला छान. पण तिथून धूर बाहेर न्यायचा तर पाईप वरून फिरवत जवळजवळ १४ फूट जातो, तीन बेंड घेऊन. तीच शेगडी बाहेरच्या भिंतीला घेतली तर चिमणीतून वर, एक वळण, आणि ३ फुटांत बाहेर. बाबांनी दोनदा मोजलं.

आपल्या इंदिरानगरच्या घरात काय झालं ते तुला माहितीय, पण का झालं ते मला पण आत्ता कळलं. खोक्यावर जे १२०० लिहिलेलं असतं ना, म्हणजे तासाला १२०० घनमीटर हवा, ते पाईप वगैरे काही नसताना मशीन किती ओढू शकतं त्याचं असतं, पुढे जेवढा पाईप लांब आणि जेवढे बेंड तेवढं ते कमी होत जातं. आणि आपल्याकडे फिटिंगवाल्याने ६ इंची तोंडाला रिड्यूसर लावून ४ इंची पाईप टाकला, फॉल्स सीलिंगमध्ये तोच बसतो म्हणाला. ४ इंची म्हणजे थोडासाच बारीक असं वाटतं, पण हवा जायची जागा ६ इंचीच्या निम्मी पण उरत नाही. वर तो गोळा होणारा ॲल्युमिनियमचा पाईप, त्याच्या घड्यांत तेल साचतं ते वेगळंच. मग काय, आवाज सगळा आणि काम काही नाही. उन्हाळ्यात काळा मसाला भाजायला घेतला की बाबा गॅलरीत जाऊन बसायचे, दोन दिवस दमा उसळायचा, आणि मी इतकी वर्षं मिरचीलाच दोष देत होते.

म्हणून तुझ्याकडे मी ऐकणार नाही. तू लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवतोस, नूडल्स काय, मिसळीचा कट काय, सगळं मोठ्या आचेवर. तेल एवढं तापलं की नुसता वास येत नाही, बारीक कण निघतात जे छातीत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने २०१० च्या अहवालात खूप तापलेल्या तेलात तळतानाचा धूर बहुधा कर्करोगकारक अशा गटात टाकलाय. तुला घाबरवत नाहीये, तू रोज तिथे उभा राहणार आहेस म्हणून सांगतेय. इंडक्शन घेतलंस तरी गॅसच्या ज्योतीचा धूर जाईल, तेलाचा राहीलच.

आता चिमणी. तुझी तीन बर्नरची शेगडी आहे तर ९० सेंटीमीटरचीच घे, ६० ची नको, कडेच्या बर्नरचा धूर बाहेरून निसटतो. तिरकी काचेची दिसायला सुंदर असते पण पुढच्या बर्नरवर तिची सावली पण पडत नाही, मला तरी ती पटलेली नाही. खाली खोलगट आणि पुढपर्यंत आलेली बघ. शेगडीपासून उंची २६ ते ३० इंच, कंपनीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघून. जोराच्या आचेचं काम मागच्या बर्नरवर करायची सवय लाव. फिल्टर स्टीलचा बॅफल, म्हणजे वाकवलेल्या पट्ट्यांचा, जाळीचा नको, जाळी आपल्या फोडण्यांनी लगेच तुंबते. ऑटोक्लीन असलं तरी आतलं तेल वितळून वाटीत येतं एवढंच, वाटी आणि आतला भाग हातानेच पुसायचा असतो. पाईप इतका आखूड असेल तर १५०० ची गरजच नाही, १२०० पुरे, आवाज पण कमी. आणि ते डक्टलेस, म्हणजे बाहेर जाणारा पाईपच नसलेलं, कार्बन फिल्टरवालं, अजिबात नाही, उष्णता आणि वाफ परत खोलीतच सोडतं.

अजून एक, हे नीट वाच. चिमणी जेवढी हवा बाहेर टाकते तेवढी कुठूनतरी आत यायला लागते. सगळं बंद करून एसी लावून बसलास तर ती ओढणार काय? शेगडीपासून लांबची खिडकी चार बोटं उघडी ठेव, जवळची नको, वाऱ्याने धूर चिमणीखालून बाजूला जातो, फॅनने पण तेच होतं. आणि बिल्डरने ड्राय बाल्कनीत गॅस गीझरचा पॉइंट दिलाय तो वापरू नको ओम. चिमणी जोरात ओढायला लागली की गीझरचा धूर घरात येऊ शकतो, त्यातला कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो आणि त्याला वास नसतो. सोलर आहेच, जोडीला साधा विजेचा गीझर लाव.

पाईपचं तोंड पश्चिमेला येतंय, पावसाळ्यात वारा तिकडूनच येतो, म्हणून झडपवालं झाकण लागेल, नाहीतर पाणी आणि पारवे दोन्ही आत. बिल्डिंगच्या डक्टमध्ये सोडू असं मॉड्युलरवाला म्हणत होता, मी नाही म्हटलं, वरच्यांच्या खिडक्या त्यातच उघडतात. भोक ६ इंची, पण भिंत काँक्रीटची आहे, आत सळ्या आहेत, बिल्डरच्या इंजिनियरकडून लेखी घेतल्याशिवाय कोअर कटिंग, म्हणजे मशीनने गोल भोक पाडणं, करायचं नाही. त्याला मेल तूच टाक, फ्लॅट तुझ्या नावावर आहे.

शेगडी सरकवली तर फ्रीज हॉलच्या बाजूला जाईल, एक ड्रॉवर कमी होईल, आणि गॅसचा पाईप थोडा वाढवावा लागेल. मला चालेल असं वाटतं, पण स्वयंपाक तू करणार. उद्या १० च्या आत फोन कर आणि हो की नाही सांग, सुतार ११ ला प्लाय कापायला घेतोय.

तुझी आई