हस्तांतराचा पैसा गावाला का नाही?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ॲरिझोनाचा आइस हॉकी संघ १२० कोटी डॉलरना विकला जाऊन युटा राज्यात गेला, त्या व्यवहारावर आपल्या क्रीडा पुरवणीत आलेला लेख वाचला. वर्षानुवर्षे तोट्यात असलेल्या संघाला एवढी किंमत यावी, हे लेखकाला व्यावसायिक खेळाचे मोठे यश वाटते. मी निवृत्तीनंतर ग्लेनडेलला मुलीकडे राहते. फिनिक्सला लागून असलेले हे सुमारे अडीच लाख वस्तीचे शहर. हा संघ अठरा वर्षांहून अधिक काळ इथे खेळला. इथे येण्याआधी माझी सगळी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या लेखा विभागात झाली. त्यामुळे मालकाला किती मिळाले यापेक्षा गावाच्या तिजोरीचे काय झाले, हे मी आधी बघते. लेखात त्याबद्दल एक ओळही नव्हती.

हा संघ मुळात कॅनडातल्या विनिपेगचा. खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये आणि तिकिटांचे उत्पन्न घसरत्या कॅनेडियन डॉलरमध्ये, या ओढाताणीत १९९६ मध्ये तो साधारण साडेसहा कोटी डॉलरना विकला गेला आणि फिनिक्सला आला. हे वाळवंट आहे, उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून इथे बर्फावरचा खेळ चालणारच नव्हता असे पुष्कळ लोक म्हणतात. मला ते पटत नाही. पहिली चारही वर्षे संघ बाद फेरीपर्यंत गेला आणि लोक सामन्यांना येत होते. अडचण जागेची होती. सामने व्हायचे बास्केटबॉलच्या अरीनात. हॉकीचा रिंक २०० फूट लांब आणि बास्केटबॉलचे मैदान ९४ फूट, त्यामुळे कितीतरी खुर्च्यांवरून एका टोकाचा गोल दिसतच नसे.

ती अडचण ग्लेनडेलने सोडवली. २००३ च्या अखेरीस हॉकीसाठी नवा अरीना उभा राहिला. सुमारे २२ कोटी डॉलर खर्चापैकी १८ कोटी शहराचे, म्हणजे कर्जरोख्यांचे. शेजारी वेस्टगेट नावाची बाजारपेठ वसेल, तिच्या विक्रीकरातून आणि सामन्यांच्या उत्पन्नातून हप्ते फिटतील, असा हिशेब होता. असे प्रस्ताव मी नोकरीत पुष्कळ हाताळले आहेत. पहिल्याच वर्षी सगळे गाळे लागतील आणि भाडे वेळेवर येईल, असे त्यात गृहीत धरलेले असते. २००८ च्या मंदीत वेस्टगेट ठरल्याप्रमाणे वाढले नाही. कर्जाचे हप्ते मात्र थांबणारे नव्हते.

मे २००९ मध्ये तेव्हाचे मालक जेरी मोयेस यांनी संघाच्या दिवाळखोरीचा अर्ज केला. संघ ग्लेनडेलमध्येच राहील असा ३० वर्षांचा करार शहराकडे होता, पण दिवाळखोरीच्या न्यायालयात असा करार मोडीत निघू शकतो, हे शहराला तेव्हा कळले. ब्लॅकबेरी फोन बनवणाऱ्या कंपनीचे जिम बाल्सिली यांना संघ कॅनडात हॅमिल्टनला न्यायचा होता. त्यांनी आधी २१.२५ कोटी डॉलर देऊ केले आणि शेवटी आकडा २४.२५ कोटींपर्यंत नेला. त्यातले ५ कोटी ग्लेनडेलसाठी होते, शहराने विरोध सोडला तर. संघ ज्या लीगमध्ये खेळायचा त्या नॅशनल हॉकी लीगला हे स्थलांतर नको होते आणि शहरालाही नको होते. न्यायाधीश रेडफील्ड बॉम यांनी बाल्सिलींची बोली फेटाळली आणि अखेर लीगनेच १४ कोटींना संघ घेतला.

आता पुढचे बघा. लीगने संघ ग्लेनडेलमध्ये ठेवावा म्हणून शहराने २०१०-११ च्या हंगामासाठी लीगला अडीच कोटी डॉलर दिले आणि २०११-१२ साठी आणखी अडीच कोटी कबूल केले. जे ५ कोटी संघाला जाऊ देण्यासाठी शहराला मिळत होते, तेवढाच बोजा संघाला थांबवण्यासाठी शहराने दोन वर्षांत डोक्यावर घेतला. अरीनाचे कर्ज ५ कोटींहून कितीतरी मोठे होते, ते घेऊन सुटका झाली असती असे मी म्हणत नाही. पण ज्या वर्षी शहराचे स्वतःचे उत्पन्न घटत होते, त्या वर्षी एका खासगी संघटनेच्या तोट्याची भरपाई नगर अर्थसंकल्पातून करणे मला कुठल्याही तर्काने मान्य होत नाही. आमच्याकडे लेखापरीक्षणात एवढ्या एका नोंदीवर पानभर आक्षेप लागला असता.

२०१२ मध्ये ग्लेनडेलने विक्रीकर ०.७ टक्क्यांनी वाढवला. पाच वर्षांपुरता, असे तेव्हा सांगितले होते. २०१४ मध्ये तो कायम झाला. राज्य सरकार किराण्यावर कर घेत नाही, पण ग्लेनडेल शहर घेते, तेव्हा दूध-पीठ घेतानाही तो भरावा लागतो. सगळा बोजा हॉकीचाच होता असे मी लिहिणार नाही. मंदी होती, आणि बेसबॉलच्या सराव सामन्यांसाठी बांधलेल्या दुसऱ्या मैदानाचेही कर्ज होते. पण तिजोरीत खड्डा पडला की तो भरायला सामना बघणारा आणि न बघणारा, दोघांनाही सारखेच उभे केले जाते.

त्यानंतरही शहर त्याच वाटेने गेले. २०१३ मध्ये नव्या मालकांनी १७ कोटींना संघ घेतला आणि अरीना चालवण्याबद्दल शहराने त्यांना वर्षाला दीड कोटी डॉलर, १५ वर्षे, द्यायचे ठरवले. हा ठराव ४ विरुद्ध ३ मतांनी संमत झाला. करारात एक अट होती: पाच वर्षांत तोटा ५ कोटींच्या वर गेला तर मालकाला संघ हलवायची मुभा. म्हणजे शहर १५ वर्षांना बांधलेले आणि मालक पाच वर्षांना. २०१५ मध्ये संघाच्या चाहत्यांनी भरलेल्या सभेत नगरसेवकांनी ५ विरुद्ध २ मतांनी हा करार रद्द केला. शहराचा माजी विधी अधिकारी संघाच्या नोकरीत गेला होता, आणि हितसंबंधांच्या राज्य कायद्याचा आधार शहराला त्यातून मिळाला. पुढे कमी पैशांवर तडजोड झाली. तो ठराव मांडणाऱ्यांवर तेव्हा फार टीका झाली. मला त्यांचे धैर्य मोठे वाटते.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये शहराने कळवले की पुढच्या हंगामानंतर करार वाढवणार नाही. त्याच डिसेंबरात राज्य आणि शहर मिळून सुमारे १३ लाख डॉलरचा कर थकल्याचे उघड झाले. दारे बंद करू अशी नोटीस शहराने दिली तेव्हा तो भरला गेला. ही मानवी चूक होती, असे संघाचे म्हणणे होते.

मग संघ टेम्पी शहरात, ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या अरीनात गेला. लीगमधले इतर संघ सतरा-अठरा हजार प्रेक्षकांपुढे खेळतात. इथे जागा होती सुमारे ४,६००. टेम्पीत ४६ एकरांच्या जुन्या कचराडेपोवर २१० कोटी डॉलरचा अरीना, हॉटेले आणि घरे असा प्रकल्प मांडला होता. १६ मे २०२३ ला टेम्पीच्या मतदारांनी त्याच्याशी संबंधित तिन्ही प्रस्ताव फेटाळले. प्रकल्प खासगी पैशाचा आहे, कचऱ्याच्या सफाईचे कर्जरोखेही तिथल्याच करातून फिटतील, असे प्रचारात सांगितले जात होते. जवळच्याच ग्लेनडेलचा अनुभव समोर असताना लोकांनी ते मानले नाही, यात आश्चर्य नाही.

एप्रिल २०२४ मध्ये संघ सॉल्ट लेक सिटीच्या रायन स्मिथ यांच्याकडे गेला. आपल्या लेखात जे यश म्हणून आले, ते एका ओळीत असे दिसते: १९९६ मध्ये साडेसहा कोटी, २००९ मध्ये १४ कोटी, २०१३ मध्ये १७ कोटी, २०१४ च्या अखेरीस ३०.५ कोटी, २०२४ मध्ये १२० कोटी. या सगळ्या काळात तोटा होता आणि किंमत चढत होती. कारण किंमत ग्लेनडेलमधल्या तिकीटविक्रीची नव्हतीच. लीगमध्ये संघांना मोजक्याच जागा आहेत, टीव्हीचा पैसा सगळ्यांत वाटला जातो, आणि ती जागा दुसऱ्या शहरात नेता येते. किंमत त्या जागेची आहे. जागा जिवंत राहावी म्हणून मधली वर्षे ज्याने पैसा ओतला, त्यात ग्लेनडेल होते.

१२० कोटींतले १०० कोटी मालक ॲलेक्स मेरुएलो यांना मिळाले. उरलेले २० कोटी स्थलांतराचे म्हणून लीगकडे, म्हणजे बाकीच्या संघमालकांकडे गेले. ग्लेनडेलला काही मिळाले नाही आणि कराराप्रमाणे मिळणारही नव्हते.

माझे म्हणणे इथेच आहे. आमची नगरपालिका साधा दहा बाय बाराचा गाळा भाड्याने देताना अनामत घेते, आणि गाळेधारकाने तो दुसऱ्याच्या नावे करायचा म्हटले की हस्तांतर शुल्क भरल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. कारण गाळ्याला किंमत येते ती नगरपालिकेने बांधलेल्या बाजारामुळे, रस्त्यामुळे, दिव्यामुळे. लीगला हे नीट ठाऊक आहे; तिने आपले हस्तांतर शुल्क वसूल केलेच. १८ कोटींचे कर्ज काढणाऱ्या शहराने मात्र करारात ते लिहून घेतले नाही.

आमच्या शेजारची एक बाई सामन्यांच्या रात्री अरीनातल्या खाण्याच्या स्टॉलवर काम करायची. हंगामात घरच्या मैदानावर ४१ सामने, तारखा आधीच छापलेल्या. त्या तारखांवर तिने मुलाच्या कॉलेजचे हप्ते बेतले होते. आता अरीनात गाण्यांचे मोठे कार्यक्रम होतात, त्यांना गर्दीही चांगली असते, आणि शहराच्या दृष्टीने करार न वाढवण्याचा निर्णय योग्यच होता असे मला वाटते. पण कार्यक्रम कधी एका आठवड्यात तीन येतात, कधी महिनाभर एकही नाही. ती आता एका गोदामात रात्रपाळी करते. संघ हलतो तेव्हा अशा माणसांचे काय करायचे, हे मी वाचलेल्या कुठल्याही बातमीत आलेले नाही. १२० कोटींच्या व्यवहारात त्यांच्या तीन-चार महिन्यांच्या मजुरीची तरतूद कुणाला जड गेली नसती.

आता पाळी सॉल्ट लेक सिटीची आहे. तिथल्या अरीनातही तीच जुनी अडचण: बांधला बास्केटबॉलसाठी, पहिल्या हंगामात हॉकीला हजारो खुर्च्यांवरून पूर्ण रिंक दिसत नव्हता. तो सुधारायला आणि आसपासचा भाग वसवायला शहराने विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवला आहे, आणि त्यातून ९० कोटी डॉलरपर्यंत उभे राहायचे आहेत. संघ तिथे लोकप्रिय आहे, मालक त्याच राज्याचा आहे, कदाचित सगळे नीट होईल. मला तसे व्हावे असेच वाटते. पण कर आधी लागला आहे आणि फायदा पुढे यायचा आहे.

आपल्याकडे पुण्याजवळ गहुंजेला वेगळ्या रूपात हेच घडले. सहाराने ३७ कोटी डॉलरना घेतलेला पुण्याचा आयपीएल संघ २०१३ मध्ये संपला. मैदानाच्या नावासाठी ठरलेला दोनशे कोटींहून मोठा करार पूर्ण झाला नाही, नाव उतरवावे लागले, आणि २०१८ मध्ये कर्ज देणाऱ्या बँकांनी मैदानाचा प्रतीकात्मक ताबा घेतला. तिथे कर्जदार महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन होती, महापालिका नव्हती, एवढाच फरक. आता कबड्डी, खो-खो, फुटबॉल, हॉकी, सगळ्यांच्या लीग आहेत, आणि 'आमच्या शहराला संघ हवा, त्यासाठी स्टेडियम हवे' ही मागणी कुठल्याही महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत येऊ शकते.

अशी मागणी आली तर सार्वजनिक पैशाच्या बदल्यात संघाच्या विक्रीत शहराचा ठरावीक टक्का आधी लिहून घ्यावा. संघ हलवायचा असेल तर उरलेले कर्ज मालकाने फेडावे, आणि दिवाळखोरीत ती अट टिकावी म्हणून बँक हमी घ्यावी. मालकाने सोडून जायची मुदत आणि शहराने पैसे द्यायची मुदत एकच असावी. संघाचे लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी सभेपुढे ठेवावेत. तोटा झाला असे नुसते सांगून भागणार नाही.

आपल्याला एक विनंती आहे. महाराष्ट्रात ज्या महापालिकांनी स्वतःची मैदाने खासगी लीगला किंवा संघांना वापरायला दिली आहेत, त्यांचे करार माहिती अधिकारात मागवून आपल्या वार्ताहरांनी ते वाचकांसमोर ठेवावेत: भाडे किती, अनामत किती, दुरुस्ती कुणाकडे, आणि संघ मधेच गेला तर काय. ग्लेनडेल शहराचे अर्थसंकल्प आणि सभांची इतिवृत्ते सार्वजनिक आहेत. त्यातली संबंधित पाने मराठीत टिपणे काढून पाठवायला मी तयार आहे.

आपली,
एक निवृत्त लेखापाल
(मूळ सांगली जिल्हा, सध्या मुक्काम ग्लेनडेल, ॲरिझोना)