सईच्या पट्टीबद्दल

नौपाडा, ठाणे
रविवार

प्रिय मीना,

परवा फोनवर तुझ्याशी धड बोलता आलं नाही, आणि तू विचारलंस ते पाच मिनिटांत उरकण्यासारखंही नव्हतं. म्हणून हे पत्र. तुझ्या लेकीचा, सईचा, डावा डोळा 'आळशी' आहे, म्हणजे मेंदू त्याचं चित्र नीट वापरत नाही, आणि म्हणून डॉक्टरांनी तिच्या चांगल्या, उजव्या डोळ्यावर रोज थोडा वेळ पट्टी लावायला सांगितलीय. "चांगला डोळा झाकून ठेवला तर तोही अधू होणार नाही का?" असं तुझ्या सासूबाई विचारतात ना? त्यांना आधी सांग, की हा प्रश्न अगदी बरोबर आहे. ज्यांना पुढे नोबेल मिळालं अशा दोघांनी याच गोष्टीवर कित्येक वर्षं काम केलं.

सईचा डावा डोळा बाहेरून पाहिला तर ठणठणीत आहे. तिरळेपणा नाही, मोतीबिंदू नाही. म्हणूनच चार वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि त्यात तुझा काही दोष नाही, हे मनातून काढून टाक. नंबर एकाच डोळ्याचा मोठा, त्यामुळे लहानपणापासून त्या डोळ्याकडून मेंदूला धूसर चित्र जात राहिलं आणि उजव्याकडून स्वच्छ. आता चष्म्याने चित्र स्वच्छ झालंय, पण ते ज्या जोडण्यांमधून मेंदूत उमटायचं, त्याच अशक्त राहिल्यात. काही मुलांचं नुसत्या चष्म्यावर भागतं. सईचं भागलं नाही.

या जोडण्या होतात कशा, हे अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवताना मला दरवर्षी नव्याने भरून येतं. चेतापेशी जन्मते एकीकडे आणि तिला जोडलं जायचं असतं दूर दुसरीकडे. तिच्यातून एक तंतू निघतो. त्याच्या टोकाला फुगीर, बारीक बोटं फुटल्यासारखा भाग असतो. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालने 1890 मध्ये कोंबडीच्या गर्भात त्याचं वर्णन केलं. निर्जीव, रंगवलेले काप पाहून त्याने ओळखलं की हे टोक चाचपडत पुढे सरकत असणार. 1907 मध्ये रॉस हॅरिसनने बेडकाच्या गर्भाचा तुकडा लसिकेच्या थेंबात ठेवला आणि तो तंतू सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष वाढताना पाहिला. वाटेतली काही रसायनं त्या टोकाला ओढतात, काही मागे ढकलतात, आणि अशी चाल करत तो आपल्या ठिकाणी पोहोचतो.

रॉजर स्पेरीने 1940 च्या दशकात बेडकांवर प्रयोग केले. डोळ्याची नस कापली आणि डोळा उलटा फिरवून बसवला. बेडकाची नस पुन्हा वाढते. तंतू मेंदूत आपापल्या जुन्याच जागी जाऊन जोडले गेले, त्यामुळे बेडकाला जग उलटं दिसू लागलं. माशी वर असली की तो खाली झेप घ्यायचा. कितीही चुकला तरी तो सुधारला नाही. म्हणजे मुख्य पत्ते जन्मतःच रसायनांनी लिहिलेले असतात.

पण आपल्यासारख्या प्राण्यांत एवढ्याने काम संपत नाही. आधी भरमसाट जोडण्या होतात आणि मग वापराप्रमाणे त्यांतल्या काही टिकतात, बाकीच्या गळतात. हा वापर डोळे उघडण्याआधीच सुरू होतो. कार्ला शॅट्झ आणि तिच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये दाखवलं, की डोळे न उघडलेल्या पिल्लांच्या डोळ्यांच्या पडद्यावर संकेतांच्या लाटा आपोआप उसळतात. प्रकाशाचा पत्ता नाही आणि तरी डोळा मेंदूशी बोलायला लागलेला! शेजारशेजारच्या पेशी एका वेळी बोलतात, आणि त्यामुळे मेंदूला कळतं की या एका डोळ्याच्या, एका जागच्या.

आता मूळ मुद्दा. ते नोबेलवाले दोघे, म्हणजे डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजराच्या पिल्लांची एका डोळ्याची पापणी शिवून ठेवली. (हे वाचताना मला अजूनही कसंसंच होतं.) काही आठवड्यांनी टाके काढले. डोळा निरोगी होता, पण मेंदूच्या दृष्टीच्या भागातल्या जवळजवळ सगळ्या पेशी फक्त उघड्या राहिलेल्या डोळ्याला प्रतिसाद देत होत्या. मोठ्या मांजरांवर तोच प्रयोग केला तर काहीच फरक पडला नाही. हे निष्कर्ष 1963 मध्ये छापले गेले. दोन वर्षांनी त्यांनी दोन्ही डोळे शिवून पाहिले. वाटलं होतं, दुप्पट नुकसान होईल. पण तसं झालं नाही. बऱ्याच पेशी दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद देत राहिल्या.

मीना, इथे थांब आणि हे पुन्हा वाच. नुसतं न वापरल्याने जोडणी मरत असती तर दोन्ही डोळे झाकल्यावर सगळंच गेलं असतं. एक डोळा मागे पडतो तो दुसरा पुढे गेल्यामुळे. मेंदूतल्या पेशीवर जागा मोजकी असते आणि दोन्ही डोळ्यांचे तंतू तिच्यासाठी भांडतात. आपण कॉलेजला जाताना लोकलच्या लेडीज डब्यात चौथ्या सीटवर टेकायचो, आठवतं? कर्जतहून बसून आलेली बाई जरा सैलावली की आपण उभ्याच. सईच्या मेंदूत उजवा डोळा तसा आधीच ऐसपैस बसलाय. पट्टी त्याला रोज थोडा वेळ उठवते.

हे होऊ शकतं, याचाही पुरावा आहे. कॉलिन ब्लेकमोर आणि त्याच्या सहकाऱ्याने 1974 मध्ये पिल्लांचा झाकलेला डोळा उघडला आणि दुसरा झाकला. पाचव्या आठवड्यात अदलाबदल केली तर पेशी पूर्णपणे आधी झाकलेल्या डोळ्याकडे वळल्या. चौदाव्या आठवड्यात केली तर फारसं काही झालं नाही. माणसाचं वेळापत्रक पुष्कळ लांब असतं. सात-आठ वर्षांपर्यंत पट्टीचा गुण सगळ्यात चांगला येतो. सई चारची आहे. म्हणून मी तुझ्या मागे लागलेय, की "शाळेचं एक वर्ष होऊ दे, मग बघू" असं करू नका.

उशीर झाला की सगळं संपतं, असंही मी म्हणणार नाही. मेंदूचे अभ्यासक पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' प्रकल्पात दिल्लीत जन्मजात मोतीबिंदूची मोठी मुलं शस्त्रक्रियेनंतर पाहायला लागली. हाताने चाचपलेली वस्तू त्यांना लगेच नजरेने ओळखता आली नाही, पण काही दिवसांतच येऊ लागली. बारीक पाहण्याची ताकद मात्र त्यांच्यात पूर्ण आली नाही. सईच्या बाबतीत ती पूर्ण यावी, एवढीच माझी धडपड.

आता सासूबाईंच्या भीतीचं. पिल्लांचा डोळा रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे बंद होता. सईला डॉक्टरांनी रोज दोन तास सांगितलेत. 2003 च्या अमेरिकेतल्या एका चाचणीत मध्यम स्वरूपाच्या आळशी डोळ्याला दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकीच उपयोगी पडली. गरजेपेक्षा जास्त पट्टी लावली तर चांगल्या डोळ्याची नजर क्वचित उतरू शकते, हे खरंच आहे. म्हणून तास आपल्या मनाने वाढवायचे नाहीत आणि तपासणीची तारीख चुकवायची नाही. तिथे दोन्ही डोळे बघतात. आणि हे काही नवं खूळ नाही. फ्रान्सच्या ब्युफॉनने 1743 मध्येच चांगला डोळा झाकायला सांगितलं होतं.

पट्टी थेट कातडीला चिकटणारी घे आणि तिच्यावर चष्मा घाल. चष्म्याच्या काचेवर कापड लावलंस तर ती कडेने बघणार. पहिले काही दिवस ती रडेल, धडपडेल, कारण उघडा राहिलेला डोळा खरंच कमी बघतो. त्या वेळी तिच्याजवळ बस, चित्रं रंगवायला दे, मोदकाच्या कळ्या पाडायला घे, जे आवडेल ते. तिने काढून टाकली तर पुन्हा लाव, पण रागावून नको. बाहुलीलाही एक पट्टी लावून दे.

पुढच्या तपासणीला चिपळूणहून याल तेव्हा आमच्याकडेच उतरा. मी त्या दिवशी रजा टाकते, डॉक्टरांकडे तिघी मिळून जाऊ. आणि येईपर्यंत ती रोज किती वेळ पट्टी ठेवते ते कॅलेंडरवर लिहून ठेव, डॉक्टर विचारतील.

तुझी,
वासंती